आंटी जेरल्डीनचा शब्द

केप टाउनच्या त्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या भाड्याच्या इमारतींत जेरल्डीन फोर्टेनला न ओळखणारं माणूस शोधून सापडलं नसतं. शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याची लापशी ढवळण्यात तिची उभी हयात गेली होती. इमारतींमधल्या मैदानाच्या अलीकडे राज्य करणारा रिदवान आणि पलीकडचा एल्रॉय, दोघंही तिच्याच हातचं खाऊन वाढलेले. आता दोघांच्या टोळ्यांतल्या पोरांकडे पिस्तुलं होती आणि मधलं मैदान ओलांडायची कुणाची छाती नव्हती. शाळा नेमकी पलीकडे.

नोव्हेंबरात मॅट्रिकची परीक्षा आली तेव्हा हेडमास्तर स्वयंपाकघरात आले.

"पोलिसांना सांगून थकलो, जेरल्डीन. गाडी येते, गोळ्या सुरू झाल्या की निघून जाते. त्या दोघांनी ऐकलं तर तुझंच ऐकतील."

तिची नात शांटेल त्याच परीक्षेला बसणार होती. जेरल्डीनने ॲप्रन काढला आणि गेली.

रिदवानच्या दारात मदत मागायला आलेली माणसं ताटकळली होती. कुणाच्या घरी मयत झालेली, कुणाची वीज तोडलेली. त्याने उठून तिला आपली खुर्ची दिली.

"काय आंटी, लापशीत अजून गुठळ्या करतेस का?"

"तुझ्या डोक्यातल्या आधी फोड, मेल्या. परीक्षा होईस्तोवर गोळी नको."

तो हसायचा थांबला. म्हणाला, "दिला शब्द. शेवटचा पेपर संपेस्तोवर माझ्या बाजूने गोळी सुटणार नाही. आईची शपथ."

एल्रॉय गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंटी, खरं सांग. त्याला नुसता दम खायचाय की मिटवायचंय?"

तिला डोळ्यांसमोर शांटेल दिसत होती, वह्या छातीशी धरून मैदानाच्या कडेला उभी.

"मिटवायचंय त्याला," ती म्हणाली. "तोही दमलाय रे."

रिदवान असं काहीच बोलला नव्हता.

"तू म्हणतेस म्हणून," एल्रॉय म्हणाला आणि जिन्यांवर पहाऱ्याला बसवलेली आपली पोरं त्याने घरी पाठवून दिली.

मग ते मैदान पुन्हा माणसांचं झालं. बायका धुणं वाळत घालू लागल्या, म्हातारे डोमिनो मांडून बसले. लोक जेरल्डीनला वाटेत थांबवून तिचे हात हातात घेत. तिलाही बरं वाटे, का वाटू नये?

भूगोलाचा पेपर शेवटचा. तो संपला, पोरं ओरडत घरी पोचली, आणि उन्हं उतरायच्या आत रिदवानच्या गाड्या पलीकडे शिरल्या. एल्रॉय गच्चीवर होता, हातात दाण्यांचं भांडं. तिथेच पडला. जिन्यात आणखी दोन पोरं पडली.

जेरल्डीन तरातरा रिदवानकडे गेली. या वेळी खुर्चीवर बसली नाही.

"माझं तोंड वापरलंस तू!"

"तू परीक्षेपुरतं मागितलंस, मी परीक्षेपुरतं दिलं," तो शांतपणे म्हणाला. "पुढचं त्याला कुणी सांगितलं, आंटी?"

आल्या वाटेने ती परत फिरली.

त्यानंतर गोळीचा आवाज आला नाही. दोन्ही बाजू रिदवानच्याच झाल्या होत्या, झाडायची तरी कुणावर? निकाल लागला, शांटेल पास झाली. रिदवानने मोठा केक पाठवला. शांटेलने पहिला तुकडा आजीच्या तोंडाशी धरला. पोरीसमोर तो तिला थुंकता येईना. गिळला.

एल्रॉयची आई मेरिल पलीकडे तळमजल्यावर राहायची. तिच्या दारापर्यंत जायला जेरल्डीनला फेब्रुवारी उजाडला. मेरिलने दार उघडलं. घरभर पाणी साचलं होतं, गाद्या टेबलावर चढवलेल्या.

"मेरिल, मी त्याला सांगितलं ते..."

"ठाऊक आहे मला काय सांगितलंस. घरी येऊन मला बोलला होता तो. म्हणाला, मिटतंय आता, आई." मेरिल फडकं पिळत राहिली. "माफीबिफी मागू नकोस. मी देणार नाही."

जेरल्डीनने मान हलवली. चपला भिजत होत्या. जावं की थांबावं, तिला कळेना.

"नळ फुटलाय," मेरिल म्हणाली. "कौन्सिलवाले येत नाहीत. लोक सांगतात, रिदवानने फोन केला की येतात." तिने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. "मी त्याच्या दारात जाणार नाही. मेले तरी जाणार नाही. पण धाकटीचं पोर तापाने फणफणलंय ह्या ओलीत. तू जा. तुझं ऐकतो तो."

जेरल्डीन स्कर्टचा घोळ वर धरून बाहेर पडली आणि मैदान ओलांडून रिदवानच्या घराकडे चालू लागली. दारात बसलेल्या माणसांनी तिला येताना पाहिलं आणि सरकून वाट करून दिली.