हरणाकाकींची पोथी

आमच्या रहिमतपूरच्या आळीत हरणाकाकी म्हणजे देवभोळी बाई. दुपारची भांडी आवरली की पुढच्या सोप्यात बसून लाल फडक्यातली पोथी उघडायच्या. आळीतल्या बायका सुनांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. मला हसू आवरायचं नाही, कारण वाचनालयातून ती ‘पोथी’ मीच आणून देत होते. एका आठवड्यात ससा-कोल्ह्याच्या गोष्टी, दुसऱ्या आठवड्यात चांगली जाडजूड प्रेमकथा.

“काकी, फडकं कशाला? चोरी केलीय का?” मी एकदा चिडून विचारलं.

“आगं, केस पिकल्यावर प्रेमाचं वाचतीया म्हटल्यावर लोकं सोडतील व्हय?”

त्यांचे यजमान, सयाजीकाका, फौजेत होते. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि ती सुट्टी ऊस नि पाहुणे यांतच संपायची. नवराबायकोचं निवांत बोलणं राहूनच गेलं. मग काका गेले. मुलगा जयराज शिरवळला कंपनीत. त्याचा फोन येतो, ‘गोळ्या घेतल्या का?’ विचारतो आणि ठेवतो. एवढ्या मोठ्या घरात दिवसभर काकींना स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नसे. मला त्यांची कीव यायची आणि जयराजचा रागही.

श्रावणात शेजारची साळूबाई कापूस घेऊन आली. माणदेशातली, मेंढरांमागं वाढलेली, अक्षरओळख नाही. घरात तीन सुना, नातवंडांचा गोंधळ. पायरीवर चपला काढून ती म्हणाली, “वैनी, जरा मोठ्यानं वाचा की. वाती वळता वळता कानावर पुण्य पडंल.”

काकींची पंचाईत झाली. समोरच्या पानावर डॉक्टर नायिकेला स्कूटरवरून फिरवत होता. डोकं दुखतंय म्हणून सांगता आलं असतं. पण किती वर्षांनी कुणीतरी त्यांना बोल म्हणत होतं. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला लागल्या. डॉक्टरचा राजा झाला, स्कूटरचा घोडा झाला. मी तिथंच बसले होते, पदर तोंडात कोंबून आत पळाले.

साळूबाई रोज यायला लागली. काकी दुपारी केस विंचरून, चहाचं आधण ठेवून वाट बघत बसायच्या. तिला थोडा उशीर झाला तरी चारदा दारात जायच्या. “कळलं तर यायची न्हाई गं ती,” एकदा मला म्हणाल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला थट्टा सुचली नाही.

आणि एके दिवशी घात झाला. गोष्ट रंगात आली होती, काकी भान विसरल्या. “त्यानं स्कूटर लावली. घरात आला. ती ताट झाकून बसली होती. त्यानं विचारलं, तू जेवलीस का?”

स्कूटर! मी कपाळाला हात लावला. साळूबाईच्या हातातली वात थांबली.

“वैनी, ही पोथी न्हाई.”

काकींचा चेहरा उतरला. त्या पुस्तक फडक्यात गुंडाळायला लागल्या.

साळूबाईनं त्यांचं मनगट धरलं. “आवं, गुंडाळताय कशाला? मला पयल्याच दिशी कळलं हुतं. लय पोथ्या ऐकल्यात मी. राजा कवा असा राणीच्या मागं मागं फिरतुया व्हय?”

“मग रोज कशाला येत हुतीस गं?”

साळूबाईनं मांडीवरच्या वाती उगाच सारख्या केल्या. “घरात धा माणसं हायती, वैनी. सगळी जेवली की मी तव्यावर उरलंसुरलं खाती. जेवलीस का म्हणून कुणी इचारत न्हाई. हितं मला न्हाई, तर तिला तरी कुणी इचारतंय.”

काकींनी फडकं पुन्हा सोडलं. मग त्यांनी पान शोधलं आणि तेवढंच वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश.