वरच्या सुराला बंद पडणारं मशीन

मधुकर लांजेवार गेल्या महिन्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सिहोऱ्यात राहत्या घरी वारले. हृदयविकाराचा झटका आला आणि तुमसरला नेण्यासाठी गाडी दाराशी येण्याआधीच सगळं संपलं. बातमी मला नागपूरला कचेरीतल्या फोनवर कळली. ते माझे मावसभाऊ, वयाने मोठे. धानाची गिरणी चालवत. गावात मात्र त्यांची ओळख ‘टट्टेवाले मधुभाऊ’ अशीच होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या परदेशी असलेल्या साळ्याने दोन स्पीकर पाठवले. दाराएवढे उंच, चपटे, जाळीचे. आपल्याकडे बांबूचे टट्टे असतात तसेच दिसत, म्हणून तेच नाव पडलं. साध्या स्पीकरात कागदाचा शंकू आणि लोहचुंबक असतो. यांत दोन जाळ्यांच्या मधोमध ताणलेला पातळ पडदा होता. उच्च दाबाच्या विजेवर तो थरथरायचा आणि पुढे तसाच मागेही आवाज द्यायचा. मधुभाऊंनी भंडाऱ्याच्या एका रेडिओ दुकानातून अ‍ॅम्प्लिफायर बनवून घेतला. ढोलकी वाजली, पुरुषांची भजनं वाजली. मशीन उत्तम आहे, असं सगळ्यांचं मत झालं.

त्यांच्या पत्नी शांतावहिनी हळदीची गाणी म्हणत. करडीपासून सिहोऱ्यापर्यंत नात्यात कुठेही हळद असली की त्यांना बोलावणं असे. आवाज उंच, सरळ, कुठेही न थरथरणारा. एका लग्नात मधुभाऊंनी तो टेपवर घेतला होता. भाऊबीजेला पाहुणे जमले, तेव्हा दुपारी तो सगळ्यांना ऐकवायचं त्यांनी ठरवलं. मी तिथे होतो. वहिनींचा सूर वर चढला आणि मशीन बंद पडलं. फ्यूज बदलला. पुन्हा त्याच जागी बंद. तिसऱ्यांदाही तेच.

“काहून मधुभाऊ,” त्यांचे मेहुणे गणपतराव म्हणाले, “फिरंग्याच्या टट्ट्याले झाडीपट्टीची बाई झेपत नाई का?”

लोक हसले. मधुभाऊ घामाघूम झाले होते. ते म्हणाले, “टट्ट्यात खोट नाई. हिचाच आवाज चिरका हाय. मशीन तरी किती सोसन?”

आणखी मोठ्याने हसले सगळे. वहिनी चहा देत होत्या. हातातली केटली खाली ठेवून त्या आत गेल्या… त्या हिवाळ्यात करडीहून हळदीचं बोलावणं आलं, तेव्हा “गळा बसून राहिला” असं त्यांनी कळवलं. पुढच्या लग्नसराईतही गळा बसलेलाच होता. नंतर बोलावणी यायची थांबली.

खोट कुठे होती, ते मधुभाऊंना काही महिन्यांनी कळलं. स्पीकरसोबत आलेलं इंग्रजी माहितीपत्रक त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आठ ओहमच्या स्पीकरसाठी बांधलेला होता. या टट्ट्यांचा अडथळा मात्र सूर चढेल तसा कमी होत जाई. अगदी वरच्या टोकाला तो जेमतेम एक ओहम उरे. अडथळा कमी म्हणजे विजेची ओढ जास्त. भजनाला मशीन तगत होतं. उंच, स्वच्छ आवाजाला टिकूच शकत नव्हतं. मी वाचत असताना मधुभाऊ खाली बघत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “म्हणजे तिचा आवाज चांगला होता म्हणून बंद पडे.”

हे वहिनींना सांगा, असं मी म्हटलं.

“कोणत्या तोंडानं सांगू बा? चार लोकाईत बोललो मी.”

त्यानंतरची वर्षं त्यांनी जोडीचा अ‍ॅम्प्लिफायर शोधण्यात घालवली. तारेत एक ओहमचा रोधक बसवून पाहिला. मशीन टिकलं, पण आवाज गोधडीआडून आल्यासारखा झाला. जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणला; तो शिट्टी मारून जळाला. शेवटी तुमसरला बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी नागपूरला नव्याने करून घेतली, कमी ओहमला जुळेल अशी. ताकद बेताचीच होती. पण वहिनींचा सूर चढला आणि पहिल्यांदा न तुटता खाली उतरला. मधुभाऊंनी मला बोलावून ऐकवलं.

पाहुण्यांना त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. गणपतरावांना काही सांगितलं नाही. हळदीला जाणं टाळत. लग्नाला थेट अक्षतांच्या वेळी पोहोचत आणि मागे उभे राहत. गिरणीची मोटर चालू असली की घरातली वीज मंद होई, म्हणून रोज दुपारी गिरणी थांबवून माणसं जेवायला गेली की ते एकटेच टेप लावत. वहिनी स्वयंपाकघरात असत. मधलं दार लोटलेलं असे. त्या दाराकडे पाहत एकदा ते मला म्हणाले होते, “तिले तो आवाजच नको झाला.”

तेरवीनंतर मी दोन दिवस सिहोऱ्यात थांबलो. टट्टे कुणाला द्यायचे, असं त्यांच्या पुतण्याने विचारलं.

“कोणालेच नाई,” वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “रोज आयकत होती मी. वाढाचं सोडून आयकत होती. टट्ट्याची पाठ चुलीकडंच होती ना.”

“मधुभाऊंना ठाऊक होतं?”

“नाई. मले वाटे, आज तरी दार उघडतीन, बोलतीन काही. त्याईले वाटे मी रागात हाओ.” त्या पुढे म्हणाल्या, “होतीच रागात. पण आयकत होती.”

दुपारी त्यांनीच टेप लावायला सांगितली. त्या खोलीत टट्ट्यांसमोर सतरंजीवर बसल्या. मी स्वयंपाकघरात गेलो, दार लोटलं आणि चुलीपाशी उभा राहिलो. गाणं शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.