फुलीबाईने जावई पारखला

गायत्रीची सासू फुलीबाई तोरणमाळच्या डोंगरातली. सीताफळं विकायला ती तळोद्याच्या बाजारात उतरायची. मराठी तिथेच शिकली, आणि त्या मराठीत भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प बसवायची. नवरा गेल्यावर मुलाने, दिनेशने, तिला तळोद्याला आणलं. तो कचेरीत कारकून. पोरं शाळेत मागे पडू नयेत म्हणून घरात सगळे मराठीच बोलत.

मग म्हातारी विसरायला लागली. एकदा टीव्हीला चूल समजून त्याच्यापुढे भाकरी थापायला बसली, तेव्हा गायत्री तिला दवाखान्यात घेऊन गेली.

"आजी, आज वार कोणता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

फुलीबाई पंख्याकडे बघत राहिली. महिना, गाव, मुलाचं नाव, कशाचंच उत्तर नाही.

"घरची भाषा कोणती यांची?"

"पावरी. पण आता कोण बोलतंय?"

"तुम्ही विचारून बघा."

गायत्रीचं माहेरही डोंगरातलंच. तिने पावरीत विचारलं आणि म्हातारी खुलली. गाव सांगितलं, मोहाची फुलं गळायचे दिवस आलेत म्हणाली, वर ही बाई उपाशी दिसते, हिला जेवू घाल, असंही सुनावलं. मुलगा मात्र तिच्या हिशेबी अजून झोळीत झोपलेला होता.

"आजार आहेच," गायत्रीने ते मराठीत सांगितल्यावर डॉक्टरबाई हसू आवरत म्हणाल्या. "पण यांची मराठी आधी पुसली चाललीय. घरात पावरीच बोला."

घरात पावरी सुरू झाली. म्हातारीला गायत्री आपली लेक वाटू लागली, आणि रोज संध्याकाळी चप्पल काढून आत येणारा दिनेश म्हणजे लेकीच्या मागे लागलेला कुणी उपरा.

"झाडावर चढतोस का रे?" तिने दरडावलं.

दिनेशची पावरी गंजलेली. घाईत तो बोलून गेला, "झाड माझ्यावर चढतं."

गायत्रीने पदर तोंडात कोंबला.

"पोटाला काय करतोस?"

"कागदांवर शिक्के मारतो."

म्हातारीने गायत्रीकडे कीव करून पाहिलं. "दुसरा बघू."

दिनेश मागच्या ओट्यावर जाऊन बसला. "आईने नापास केलं गं मला."

"उद्या परत विचारेल. अभ्यास कर."

त्याने खरंच केला. स्वयंपाकघरात बायकोपुढे बसून विसरलेले शब्द घोकले. एके दिवशी तो म्हातारीजवळ बसून गवार निवडत गावाकडच्या गप्पा मारू लागला, तशी तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"आपल्यातलाच दिसतोय. घेऊ घरात."

दिनेशचे डोळे भरून आले.

"मला कुणी विचारलंय का?" गायत्री कुरकुरली.

"तू गप्प बस!" दोघं एकदमच म्हणाले, अस्सल पावरीत.