संत्र्याला दिलेला ताण

बेसा वस्तीतल्या आमच्या घरामागं एक संत्र्याचं झाड आहे. बाबांनी जंबेरी लिंबाच्या रोपावर स्वतःच्या हातानं संत्र्याचा डोळा बांधून ते कलम तयार केलं आणि आम्ही घर बांधलं त्या वर्षी आणून लावलं. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागा सांभाळल्या. आई गेल्यापासून ते हिंगण्याकडे दोन खोल्यांत एकटे राहतात. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा हट्ट. पण दर रविवारी यायचे, झाडापाशी तासभर बसायचे, चहा घ्यायचे आणि ऊन उतरायच्या आत परत. मी कितीही आग्रह केला तरी जेवणाला थांबायचे नाहीत.

आठ वर्षं झाली तरी झाडाला औषधाला फूल नाही. नुसता हिरवागार पसारा. दिवाळीत आमच्या यांनी जाहीर केलं, "फेब्रुवारीपर्यंत फुललं तर ठीक, नाहीतर तिथं गाडीसाठी शेड." मी तावातावानं भांडले. खरं तर त्यांचंही चूक नव्हतं, गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि येताजाता कुणीतरी ओरखडा काढून जायचं. मी भांडले ती वेगळ्याच कारणानं. झाड गेलं तर बाबा कशासाठी येतील?

बाबांना सांगितलं. त्यांनी झाडाभोवती एक चक्कर मारली.

"तू याले लय सुखात ठेवलं वं. रोज पानी, रोज पानी. कशाले फुलन ते? ताण दे याले."

बागायतीतली ही जुनी रीत. थंडीत पाणी तोडायचं, आळ्यातली माती मोकळी करायची, पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत दम धरायचा, आणि मग पाणी सोडायचं. झाड फुलांनी लदबदतं. आता माझी गंमत पाहा. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुळं कोरडी पडली की अ‍ॅबसिसिक आम्ल तयार होतं, ते खोडातून पानांपर्यंत चढतं आणि पानांची रंध्रं मिटतात, हे चित्र मी फळ्यावर झोपेतही काढीन. आणि घरच्या झाडाला मात्र रोज सकाळी पाइप लावत होते. आहे की नाही शहाणपणा!

पाणी बंद केलं. दहाबारा दिवसांनी एका सकाळी मी पानाच्या खालच्या बाजूला लेकीचं नेलपॉलिश लावलं, वाळल्यावर तो पापुद्रा चिकटपट्टीनं सोलला आणि कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शेजारच्यांच्या लिंबाचाही नेला होता, त्याला रोज पाणी मिळतं. लिंबाची रंध्रं उघडी होती. आमच्या संत्र्याची जवळजवळ सगळी मिटलेली! पान तर हाताला ताठ लागलं होतं, चांगलं टवटवीत. वर अजून काहीच बिघडलं नव्हतं. खाली मातीत मुळांना चाहूल लागली, त्यांनी निरोप धाडला, आणि पानानं तो ऐकून दारं लावून घेतली. ना मेंदू, ना जीभ, ना कान. अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं मी हे परीक्षेत पाच मार्कांसाठी विचारत आले होते, याची लाज वाटली. प्रयोगशाळेत मी एकटीच "अगं बाई, अगं बाई" करत बसले होते, तर शिपाई डोकावून गेला.

संक्रांतीपर्यंत पानं वळली, पिवळी पडली, खाली सडा पडायला लागला. सगळं माहीत असून माझा धीर सुटला. हे मेलं तर? एका पहाटे मी नळाच्या बाजूनं गुपचूप दोन बादल्या ओतल्या. रविवारी बाबांनी आळ्यातली माती चिमटीत घेतली.

"पानी कोनं टाकलं?"

"कुणी नाही बाबा. दव पडलं असेल."

पन्नाशीची बाई, बापासमोर धडधडीत खोटं! बाबांनी हाताची माती झटकली. अजून आठ दिवस थांब, मग पाणी सोड, एवढंच सांगून गेले.

तसं केलं. पाणी सोडल्यावर नळाकडच्या फांद्यांना कोवळी पालवी फुटली. नुसती पालवी, फूल एक नाही. मी हाय खाल्ली. यांनी तर शेडवाल्याला माप घ्यायला बोलावूनही ठेवलं. मग तीनचार दिवसांनी भिंतीकडच्या फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले. आठवड्याभरात ती अख्खी बाजू पांढरीशुभ्र झाली. अर्धं झाड फुललेलं, अर्धं नुसतं पानांचं! माझ्या बादल्या जिथं पडल्या तिथल्या मुळांनी वर कळवलं, आलं बाई पाणी. भिंतीकडची मुळं कोरडीच होती, ती आपला निरोप पाठवत राहिली. खोड एकच, पण ज्या फांदीला जे कळलं तेच तिनं केलं. मी त्या झाडासमोर हात जोडले. खरंच जोडले, कुणी हसलं तर हसू दे.

रविवारी शेडवाला टेप घेऊन आला आणि पाठोपाठ बाबा. आमचे हे फुललेल्या बाजूला जाऊन उभे राहिले. मधमाश्या घोंगावत होत्या, वास नुसता घमघमत होता. वर फुलांकडे बघतच हे शेडवाल्याला म्हणाले, "राहू द्या. गाडीला कव्हर घेतो."

मला रडूच फुटलं. बाबांजवळ जाऊन बसले.

"बाबा, पाणी मीच टाकलं होतं. दोन बादल्या."

"मले काय दिसत नाही? झाड बोलून राहिलं होतं वं, तू मधात बोलली." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सांगितलं, बरं केलं."

"मला भीती वाटली. झाड गेलं असतं तर तुमचं येणं बंद झालं असतं."

बाबांनी मला हलकेच टपली मारली.

"अवं पोरी," ते म्हणाले, "झाडासाठी कोन येते?"