गडग्यापलीकडून आलेला कुकारा

मी चौथी शिकलेला माणूस. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून जातो. बागेत भूत निघालं तर त्याला आंब्याच्या राखणीला ठेवीन, असं गावात बोलायचो. तरी हे लिहितोय...

संगमेश्वरहून आत आमचं गाव. तेव्हा मोबाईल लागत नव्हता. घर खाली, आंब्याच्या कलमांची बाग वर सड्यावर, कातळाच्या माळावर, मधे गडगा, म्हणजे चिऱ्याच्या दगडांची जाड भिंत. जेवण तयार झालं की आमची ही अंगणातून, तोंडाशी हात नेऊन, कुकारा घालायची — दोन तोकडे, एक लांब — की मी खाली. मग तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. हिला टाकून बागेत जायचं कसं?

पुतणी सुमन रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. म्हणाली, "काकीच्या हाताशी बटण देते, तुमच्या खिशात वाजेल. वायर नको." दोन तऱ्हेची वायरलेस मॉड्यूल, बिनतारी यंत्रं, आणली. एक नखाएवढं, एक मोठं, अँटेनावालं.

"काका, मोठंच लावू. छोटं गडग्यापलीकडे जाणार नाही."

"ती शेपटी कोण वागवील? छोटंच लाव."

"हट्ट करू नका हो!"

"बागेत कोण जातो गो, तू की मी?"

छोटं लावलं. बटण दाबून बघितलं, तर गडग्यापाशी आवाज बंद! मी म्हटलं, "सेल उतरले असतील." सुमनने कपाळाला हात लावला, बटण सोडवून पिशवीत टाकलं आणि सामान आणायला संगमेश्वरला गेली. माझ्या खिशातली वाजणारी डबी मात्र मी दिली नाही. शेजारच्या मावशीला हिच्याजवळ बसवून बागेत गेलो.

दुपारी फवारणीचा पंप भरत होतो. खिशात वाजलं... पी, पी, पीऽऽऽ. परत तेच. हातातला पंप सुटला. अहो, सुमनच्या यंत्राला एकच सलग आवाज होता!

धावत खाली आलो. मावशी चुलीवरचा भात बघायला घरी गेलेली. ही खाटेवर पालथी, तोंड उशीत, ओठ निळे. उताणी केली, हाका मारल्या... तेव्हा कुठे श्वास आला.

सुमन परत आली. मी विचारलं, "बटण कुठाय गो?"

तिने पिशवी ओतली. बटण आत, सेल काढलेले.

"काका, हे शक्यच नाही."

"मग वाजवलं कोणी?"

पोरीने बटण उलटं करून सेलची रिकामी जागा पुन्हा बघितली.

शेवटी मोठंच लावलं. बटण दाबलं की सलग वाजतं, बस्स. सुमन म्हणते, दुसरा कुठला तरी सिग्नल शिरला असेल. असेल! पण तो आमच्या हिचा कुकारा कुठे शिकला?

हिला विचारलं, तर ही नुसता डावा हात तोंडाशी नेते — अंगणात उभी राहून न्यायची, तसा.