यसूआत्याचा कडा

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला तास संपवून मी वर्गाबाहेर पडत होते तेव्हा सुनंदाचा फोन आला. “बाई, आत्या गेली,” एवढंच ती म्हणाली. यसूआत्या नेहमीसारखी उठली, शेळ्यांचं दूध काढलं, चहा घेतला आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसली, ती तशीच गेली. वय किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. सत्तरीच्या पुढची असावी. तिचं माझं रक्ताचं नातं काही नाही. मी भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती वरवे बुद्रुकच्या वरच्या अंगाला, डोंगराखालच्या एका वाडीत शेळ्या वळायची. भाऊ वारल्यावर त्याची मुलगी सुनंदा आणि ती, अशा दोघीच घरात असत. सुनंदा आत्या म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले.

पहिली भेट झाली तिला आता दहाएक वर्षं होतील. विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरावर गेले होते. तालुक्याच्या पश्चिमेला भातखाचरं पाण्यानं भरलेली असतात, तेव्हा या बाजूचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. पाऊस उघडला की चार दिवसांत कातळ कोरडा होतो आणि दुपारी त्यावर हात टेकवत नाही. अशाच एका उघड्या कड्याच्या चिरेत, जिथं मूठभर मातीसुद्धा नव्हती, तिथं मला ते फूल दिसलं. पुस्तकात पाहिलं होतं, कागदावर चिकटवलेलं वाळकं पाहिलं होतं, जिवंत कधीच पाहिलं नव्हतं. पाच टोकांची चांदणी, जुन्या आठ आण्याएवढी. रंग पिकल्या जांभळाच्या गराचा, मखमलीसारखा दाट, त्यावर हळदीचं बोट टेकवावं तशा पिवळ्या खुणा आणि कडेनं बारीक लव, वारा नसतानाही थरथरणारी. जाड, मांसल पानांमधून ती चांदणी ऐटीत बाहेर बघत होती. जगात हे झाड फक्त आपल्याकडच्या मोजक्या कड्यांवर उगवतं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं होतं. मी गुडघ्यांवर बसले, वाकून वास घेतला आणि दचकून मागं झाले. कुजल्यासारखा वास होता.

मागून कुणीतरी हसलं. हातात काठी, डोक्यावर पदर, उन्हानं रापलेली एक बाई उभी होती. “वास घिऊ नका बाई,” ती म्हणाली. “त्यो माश्यांसाठी हाय, आपल्यासाठी न्हाई.” माश्या त्या फुलाचं परागीभवन करतात, हे शिकायला मला पदवीचं शेवटचं वर्ष उजाडावं लागलं होतं. मी विचारलं, याला इथं काय म्हणता? तिनं माझ्या मागं उभ्या असलेल्या मुलांकडं पाहिलं आणि म्हणाली, “नाव चांगलं न्हाई त्याचं.” मुलं पुढं गेल्यावर तिनं ते नाव हळूच सांगितलं. शिंदळ माकुडी.

नाव मला माहीत होतं, पण ते तिच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं. नवऱ्याला सोडलेल्या बाईला गावात ज्या शब्दानं हिणवतात, तोच शब्द. पुढं ओळख वाढल्यावर एका दुपारी कड्याच्या सावलीत बसून तिनं आपली हकीकत सांगितली. तिला वेल्ह्याकडं दिलं होतं. नवरा मारायचा. तीन वर्षं सोसून ती एका पहाटे एसटीत बसली आणि माहेरी आली, ती परत गेली नाही. “सोडून आले तवा मला बी ह्येच नाव पडलं व्हतं,” ती सहज म्हणाली. “पाण्याला गेले की बाया तोंडावर म्हणायच्या. मग म्या शेळ्या घितल्या आन् हितं यायला लागले. हितं कोण म्हणतंय? ह्येचं नाव ऐकल्यालं, पर फूल कुणी बघितलं न्हवतं. म्या बघितलं. म्हनलं, असं दिसत आसंल तर नावाचं काय एवढं...” तिनं पदराच्या गाठीतली सुपारी काढून तोंडात टाकली.

आणि मग माझ्या हातून एक चूक झाली. फुलाचा एक फारच सुंदर फोटो मिळाला होता. तो मोबाईलवरून इंटरनेटवर टाकताना मी उत्साहानं गावाचं आणि डोंगराचं नाव लिहिलं. लोकांनी कौतुक केलं, मी सुखावले. पंधरा दिवसांनी आत्याचा निरोप आला, “येऊन जावा.” गेले तर कड्याचा खालचा सगळा टप्पा ओरबाडलेला. गाडीतून तिघं आले होते, पिशव्या भरून झाडं उपटून घेऊन गेले. आत्या वाडीत नव्हती, दुसऱ्या अंगाला शेळ्या चारत होती. “तुमच्याच कॉलेजातलं वाटलं मला,” सुनंदा म्हणाली. “म्याच वाट दाखवली त्यास्नी.” मी तिला खरं सांगितलं. आत्यालाही सांगितलं. ती ऐकत राहिली. रागावली नाही, पण “बसा” म्हणाली नाही, चहाही विचारला नाही. त्यानंतर मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ती डोंगरावर होती. मी काढून टाकलेला फोटो कुणाकुणाकडं फिरत होता, तो परत आणता येणं शक्य नव्हतं.

उन्हाळ्यात, मे महिन्याच्या ऐन तापात, सुनंदानं फोन करून बोलावलं. आत्या मला कड्यावर घेऊन गेली. वर पोचल्यावर तिनं काठीनं एक चीर दाखवली. चिरेत करंगळीएवढ्या करड्या काड्या खोचलेल्या, बुडाला शेणमातीचा लेप. मग दुसरी चीर, तिसरी... त्या लोकांनी टाकून दिलेले मोडके तुकडे तिनं गोळा केले होते आणि गुडघे दुखत असताना कडा चढून एकेक लावला होता. मला त्या काड्या वाळलेल्या दिसल्या. पान एकही नाही. माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं असावं. “मेली न्हाईत,” ती म्हणाली. “उनात ती अशीच ऱ्हात्यात. पानं टाकून दित्यात आन् गप बसत्यात. तुमी शिकलेल्या, तुमाला म्हाईत पायजे.” मला माहीत होतं. उन्हाळ्यात हे झाड पानं गाळून टाकतं, हे मी फळ्यावर लिहीत आले होते. तरी त्या कातळावर मला रडू आलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. खडबडीत हात, ब्लाउजवरूनही जाणवणारा. “चला,” म्हणाली, “चा घिऊ.”

त्या पावसाळ्यात निम्म्याहून जास्त काड्यांना पानं फुटली. फुलं यायला आणखी एक वर्ष गेलं. त्यानंतर दरवर्षी पहिलं फूल उमललं की सुनंदाच्या फोनवरून आत्या बोलायची. “बाई, आली ती,” म्हणायची, लेक माहेरी आल्यासारखं. मी जायची, बघायची, फोटो न काढता परत यायची. यंदा तो फोन आला नाही.

दहाव्याला गेले होते. दुपारी सगळे पांगल्यावर सुनंदा म्हणाली, आत्या गेल्यापासून शेळ्या दावणीलाच आहेत, जरा फिरवून आणते, येता का? निघालो. सुनंदा कधी शेळ्यांमागं गेलेली नाही, ती नसरापूरला शिवणाच्या दुकानात असते. त्यामुळं शेळ्या पुढं आणि आम्ही मागं, त्या नेतील तिकडं. कड्याखाली आंब्याचं एक झाड आहे. तिथून सरळ वर गेलं की कडा, डावीकडं माळ. वर हिरवळ जास्त दिसत होती. कोवळी पानं दिसली की शेळी थांबत नाही, आणि आत्यानं लावलेली झाडं वरच होती. मी हाका मारायला तोंड उघडलं. पण पुढची काळी शेळी आंब्यापाशी पोचली, क्षणभर थांबली, तिनं मागं वळून आमच्याकडं पाहिलं आणि डावीकडं माळावर वळली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. सगळ्या वळल्या. एकीनंही मान वर केली नाही.

“म्या काय शिकवलं न्हाई ह्यांना,” सुनंदा म्हणाली.

आम्ही दोघी आंब्याखाली उभ्या राहिलो. वर कातळात ठिकठिकाणी किरमिजी ठिपके दिसत होते... बरीच फुलं आली होती.