घोंगडीवरची जागा

आमच्या घराला दार होतं, पण वर्षातले सात-आठ महिने त्याला कुलूप असायचं. माण तालुक्यातलं आमचं रान म्हणजे खडक आणि कुसळं. दिवाळी सरली की वडील मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचे, सांगलीच्या बाजूला. घोड्यावर संसार लादलेला असायचा. भांडी, पिठाची पिशवी, नुकती जन्मलेली कोकरं आणि सगळ्यांच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या. आई मागून चालायची. ज्याच्या रिकाम्या रानात मेंढरं रात्रभर बसवायची, तो लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायचा. कुणी रान दिलं नाही की त्या दिवशी भाकरी निम्मी.

माझा थोरला भाऊ चौथीतून उठला आणि मेंढरांमागं लागला. आम्ही त्याला आण्णा म्हणतो. मला दहिवडीत मामाकडं ठेवलं. दोघांतला एकच शिकू शकणार होता, आणि आण्णाचे पाय लांब होते. एवढ्यावरच ते ठरलं. मी पुढं साताऱ्यात कॉलेज केलं, बी.ए. झालो, तिथंच सरकारी कचेरीत लागलो. भावकीतला पहिला पदवीधर मी. हे मी अजूनही सांगतो आणि सांगताना लाजत नाही.

वडिलांची एक सवय होती. सकाळी मेंढरं रात्रीच्या कुंपणाच्या जाळीतून बाहेर सोडताना ते जाळीच्या तोंडाशी उकिडवे बसायचे आणि एकेकीचे पाय बघायचे. जी लंगडायची ती वाटेत मागं राहायची, सगळ्यांना खोळंबून ठेवायची. म्हणून ती पुढच्या बाजारात विकली जायची. त्यात राग नव्हता, लोभ नव्हता, कामच तसं होतं. पण आम्ही दोघं भाऊ ते बघत वाढलो. आमच्या घरात पायात काटा मोडला तरी कुणी लंगडलं नाही.

आता घोंगडीचं सांगतो. जत्रेच्या दिवशी देवळापुढं काळी घोंगडी अंथरतात आणि भावकीतली वयस्कर माणसं तिच्यावर बसतात. वर्षभराचे वाद, सोयरिकी, देवाचा खर्च, सगळं तिथं बोललं जातं. घोंगडी अंथरलेली असेपर्यंत तिच्यापेक्षा उंच कुणी बसत नाही. पुढारी आला तरी खालीच बसतो. लहानपणी मी लांबून बघायचो. साठीच्या घरात आलं की तिथं जागा मिळते. कचेरीत माझ्या टेबलापुढं पुष्कळ लोक उभे राहिले, पण मला आतून हवी होती ती ही जागा, आण्णाच्या शेजारची.

निवृत्त झालो आणि पहिल्या महिन्यातच फोन वाजायचा थांबला. ज्यांना माझी सही लागत होती त्यांना आता माझी तब्येत विचारायचं कारण उरलं नाही. सकाळी आमच्या कॉलनीतल्या रिटायर फौजी लोकांबरोबर फिरायला जायचो. मी मागं पडलो की ते ओरडायचे, "साहेब, गिअर टाका!" मी हसायचो आणि बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं थांबायचो. उजवा गुडघा गेला होता, डावा त्याच वाटेवर होता. डॉक्टरांनी मांडी घालून बसायला सक्त मनाई केली. ही गोष्ट बायकोशिवाय मी कुणालाही सांगितली नाही.

अशात जत्रा आली. आण्णानं निरोप धाडला, "औंदा घोंगडीवर बसायला ये." मी नवं धोतर नेसून गेलो. सगळे आधीच बसले होते. मधोमध आण्णा, ताठ, पटका बांधलेला. त्यानं उजव्या हाताला जागा राखली होती आणि तिच्यावरून हात फिरवून दाखवला.

मी तिथवर गेलो. खाली बसायला वाकलो आणि गुडघ्यातून अशी कळ आली की समोरचं दिसेना. बसलो असतो तरी उठवायला दोघं लागले असते, तेही सगळ्या भावकीपुढं. मंडपातली एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची जवळ होती. मी ती ओढली आणि घोंगडीच्या कडेला तिच्यावर बसलो.

सगळ्यांनी खुर्चीकडं बघितलं. मग एक म्हातारा म्हणाला, "सायबाची खुर्ची काय सुटंना गड्या! रिटायर झालं तरी बुडाला चिकटलीया." लोक हसले.

आण्णा हसला नाही. म्हणाला, "घोंगडी टोचती व्हय रं आता?"

दोन शब्द पुरे होते. गुडघा दुखतोय. ते तोंडातून निघाले नाहीत. मी म्हणालो, "मी हितं बरा हाय."

"मग तितंच बरा ऱ्हा," आण्णा म्हणाला आणि तोंड फिरवलं.

जेवायला न थांबता मी साताऱ्याची एसटी धरली. पुढची तीन-चार वर्षं मी जत्रेला गेलो नाही, आणि आण्णाचा निरोपही आला नाही. गावाकडच्या लग्नांत आम्ही एकमेकांना लांबून बघायचो. मी मनात म्हणायचो, माझ्या शिक्षणाचा राग त्यानं आयुष्यभर पोटात ठेवला होता, तो आता बाहेर आला. तो काय म्हणत असेल ते मला न विचारता माहीत होतं. शिकलेल्या माणसाला असं वाटतं खरं, की दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं.

मग एकदा त्याच्या मुलीचा सांगलीहून फोन आला. ती तिथं दिलेली आहे. म्हणाली, "काका, आण्णाला मी हिकडं आणलंय. चालता येत न्हाई. आन् आवं, इसरायला बी लागल्यात. तुमी एकदा येऊन जावा."

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. एसटीत सगळा वेळ बोलायचं जुळवत होतो. आधी माझं काय चुकलं ते, मग त्याचं काय चुकलं ते. कचेरीत खुलासा लिहावा तसं.

आण्णा उंच कॉटवर पाय खाली सोडून बसला होता. दोन्ही गुडघे सुजून नारळाएवढे झालेले. वहिनी बाजूला तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, "हे कवापास्नं?"

"कवापास्नं काय," वहिनी म्हणाल्या, "धा-बारा वरसं झाली की. जल्माचं चालनं, गुडगं काय लोखंडाचं हायती व्हय? जत्रंच्या दिवशी तर सोंगच असायचं. उजाडायच्या आत मला घिऊन देवळाम्होरं जायाचं, मी धरून बसवायची. समदी पांगली की मग मी जाऊन उटवायची. मधी पाणी बी प्यायचं न्हाईत, उटाय लागंल म्हून."

मी आठवून बघितलं. इतक्या वर्षांत आण्णाला घोंगडीवर बसताना किंवा उठताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मी जायचो तेव्हा तो बसलेला असायचा, निघायचो तेव्हाही बसलेलाच असायचा. त्याचे गुडघे चालून गेले, माझे खुर्चीत बसून गेले, आणि आम्ही दोघं ते एकमेकांपासून लपवत होतो. वडील तर कधीच गेले होते. आमचे पाय बघायला जाळीच्या तोंडाशी आता कुणी बसलेलं नव्हतं.

आण्णानं मला ओळखलं. हसला. म्हणाला, "मेंढरं कुटं बसवलीती औंदा?" मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती. मी म्हणालो, "नदीकाठाला." त्याला ते पटलं.

मग त्यानं विचारलं, "जत्रंला का येत न्हाईस रं तू?"

आधी मला वाटलं टोमणा आहे. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं तर तिथं काहीच नव्हतं. लाल खुर्ची नाही, घोंगडी टोचणं नाही. तो सगळा प्रसंग त्याच्यातून पुसला गेला होता. जुळवून आणलेला माझा खुलासा आता ऐकणार कोण? ज्यानं ऐकायचा तो माणूस थोडा आधी निघून गेला होता आणि त्याच्या जागी हा हसरा म्हातारा बसला होता.

मी म्हणालो, "गुडघा दुखतोय आण्णा. खाली बसाय येत न्हाई."

"मग सांगायचं न्हाई व्हय, गड्या?" तो म्हणाला. "माजाबी दुकतोय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मी विचारलं नाही.

यंदा आम्ही गाडी करून त्याला जत्रेला नेलं. देवळापुढं दगडी कट्टा आहे. वहिनींनी घोंगडी उचलून सरळ कट्ट्यावर अंथरली. खुर्चीवरून मला बोललेला तोच म्हातारा कुरकुरला, "ही कुठली रीत म्हनायची? घोंगडी भुईवर असती."

"भुईवर बसून दाखवा तुमी," वहिनी म्हणाल्या, "आन् कुनाचा हात न धरता उटून दाखवा. मग मी खाली अंथरते."

म्हातारा इकडं-तिकडं बघत राहिला. मग हळूच कट्ट्यावर येऊन टेकला. त्याच्या मागून आणखी तिघं-चौघं आले. पाय खाली सोडताना त्यांनी जो सुस्कारा सोडला, तो ऐकून मला कळलं की सोंग फक्त आमच्याच घरात नव्हतं.

वाद, सोयरिकी सगळं बोलून झालं. आण्णा ऐकत होता, मान हलवत होता. मधेच माझ्याकडं वळून त्यानं हळू आवाजात विचारलं, "पावनं, तुमी कुन्या गावचं?" मी गावाचं नाव सांगितलं. "आमचंच की!" तो खूश होऊन म्हणाला. त्यानं मला पाव्हणा न समजता शेजारी बसवलं असतं अशी तीन-चार वर्षं आमच्याकडं होती. ती आता कुठून आणायची ते मला ठाऊक नाही.

मी बी.ए. झालो, नोकरी पुरी केली, साताऱ्यात घर बांधलं. आणि यंदाच्या जत्रेत सकाळपासून दुपारपर्यंत घोंगडीवर, भावाच्या उजव्या हाताला बसलो.